होडीला सातबारा नसतो

गेल्या जिल्हा बैठकीत उसाची बिले आणि केळीचे भाव यावर चार तास बोलणे झाले. बैठक आटोपत आली तेव्हा मागच्या रांगेतून भीमाकाठचा एक शेतकरी उठला. म्हणाला, "माझा प्रश्न पिकाचा नाही, होडीचा आहे. मांडू का?" काही जण हसले. त्याची हकीकत ऐकून झाल्यावर मात्र कोणी हसले नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याने शेजारच्या गावातून एक जुनी फायबरची होडी इंजिनासकट १ लाख ४० हजारांना घेतली. ४० हजार इसार दिला, बाकीचे उसाचे बिल आल्यावर फेडले. सगळा व्यवहार रोखीचा, चहाच्या टपरीवर, दोन ओळखीच्या माणसांसमोर. विकणारा भला माणूस होता. कागद म्हणून मुलाच्या वहीचे एक पान फाडले आणि त्यावर 'होडीचे पैसे पोचले' एवढे लिहून सही केली. कोणती होडी, कोणते इंजिन, केव्हा ताब्यात दिली, काहीच नाही. पुढे विकणारा वारला. मग कळले की होडी एका पतसंस्थेकडे नजरगहाण होती आणि हप्ते थकले होते. वसुलीची माणसे काठावर आली आणि होडी ट्रॉलीवर घालून घेऊन गेली. हा पान दाखवतो, तर ते विचारतात, "ही तीच होडी कशावरून?" आणि त्याच्याकडे उत्तर नाही.

तो खाली बसला तसा दुसरा उठला. याची गोष्ट उलटी. याने होडी विकली होती. पैसे पुरते मिळाले, तक्रार काही नव्हती. होडीच्या नोंदीवर नाव याचेच राहिले. घेणाऱ्याने ती तिसऱ्याला दिली आणि तिसऱ्याने वाळूला लावली. महसूल खात्याच्या पथकाने ती नदीत पकडली आणि भीमेत नेहमी होते तसे जिलेटिन लावून उडवली. होडी उडाली, कागदावरचे नाव उडाले नाही. तहसील कचेरीची नोटीस याच्या दारात आली. बेकायदा वाळूला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये आहे. "होडी माझी नाही" हे सिद्ध करण्यासाठी हा माणूस सहा महिने हेलपाटे घालत होता.

एकाने होडी घेतली, दुसऱ्याने विकली. एकाचे पैसे गेले, दुसऱ्याची अब्रू टांगणीला लागली. दोघांचे दुखणे एकच: व्यवहार झाला, कागद झाला नाही. म्हणून या अंकाचे संपादकीय होडीवर लिहीत आहोत.

शेतकऱ्यांच्या पत्रकात होडी कशाला, असे कोरडवाहू भागातल्या वाचकांना वाटेल. त्यांनी एकदा उजनीच्या फुगवट्यावर यावे. १९८० साली धरण पुरे झाले. भीमाकाठची उत्तम काळी जमीन पाण्याखाली गेली, पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले, आणि काल ओढा ओलांडून ज्या गावाला जात होतो ते पाण्यापलीकडे गेले. आता करमाळ्याच्या काठावरून इंदापूरच्या काठाला जायचे तर होडीने थोडा वेळ लागतो, रस्त्याने मोठा वळसा पडतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरते तशा मोटारी, केबल आणि पाइप पुढे न्यावे लागतात, ते होडीतून. गाळपेराला जायचे होडीतून. मासेमारी होडीतून. भिगवणकडे रोहित पक्षी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांवर कुटुंबे चालतात, तीही होडीतूनच. कोयनेच्या पाण्यावर तापोळा-बामणोलीकडेही हेच आहे. धरणाने आमचे रान बुडवले आणि हाती वल्हे दिले. तेव्हा होडी हे आमचे शेतीचे औजार आहे, बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांच्या रांगेतले. किमतीने ती बैलजोडीला भारी पडते, आणि कागद मात्र बैलाच्या बाजारात मिळणाऱ्या पावतीइतकाही होत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते सरळ सांगतो. होडी ही जंगम मालमत्ता. तिच्या विक्रीला जमिनीसारखे दुय्यम निबंधकाकडे जावे लागत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे तोंडी सौदासुद्धा सौदाच असतो, आणि मालकी दोघांच्या मनात जेव्हा द्यायची-घ्यायची असते तेव्हा बदलते. म्हणजे टपरीवरचा व्यवहार बेकायदा नव्हता. अडचण अशी की मनात काय होते हे पुढे कोणी विचारले तर दाखवायचे काय? माणूस मरतो, साक्षीदार विसरतो, भाऊबंद उलटतात. त्याच कायद्याचे दुसरे तत्त्व असे की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क तो सहसा देऊ शकत नाही. होडीवर बोजा असेल तर तो बोजा होडीबरोबर घेणाऱ्याच्या दारात येऊ शकतो. होडी रंगवून घेतली म्हणून कर्ज पुसले जात नाही.

इथे आपण विक्री आणि नोंदणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. शेतकऱ्याला हे शिकवावे लागू नये. जमिनीचे खरेदीखत होते आणि त्यानंतर फेरफार पडतो. खरेदीखत हा दोघांमधला व्यवहार. फेरफाराने तो गावाला आणि सरकारला कळतो. होडीचे तसेच आहे. विक्रीपत्र हे तिचे खरेदीखत आणि नोंदणीतले नाव बदलणे हा तिचा फेरफार. फरक एवढाच की जमिनीला सातबारा असतो. तो तलाठ्याकडे सापडतो, शंभर वर्षे मागे जाता येते. होडीला सातबारा नसतो. तिचा इतिहास आपण लिहून ठेवला तरच राहतो.

नाव न बदलण्याची किंमत काय असते, हे ट्रॅक्टरवाल्यांना विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. किती जण कळवतात? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. गाडी २००७ साली विकली गेली होती, पुढे हातोहात फिरली, २००९ साली तिच्याकडून अपघात झाला. नोंदीवर नाव पहिल्याचेच होते. न्यायालयाने सांगितले की नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक धरला जाईल आणि भरपाई त्याच्यावर. गाडी दोन वर्षांपूर्वी विकली हे खरे असूनही. हा निकाल मोटार वाहन कायद्यातला आहे, होडीचा कायदा वेगळा आहे. पण नोटीस काढणारा अधिकारी होडीच्या बाबतीतही आधी नोंदीवरचे नावच पाहतो, हे आमच्या दुसऱ्या शेतकऱ्याने भोगले आहे.

होडीच्या कायद्याविषयीही चार शब्द. आतल्या पाण्यावरच्या, म्हणजे नदी, तलाव, कालवा यांतल्या नौकांसाठी १९१७ चा कायदा होता. तो जाऊन २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा झाला. इंजिनावर चालणाऱ्या होडीची पाहणी, नोंदणी आणि विमा हे तिन्ही त्यात आले. पूर्वी नोंदणी राज्यापुरती असे, आता ती देशभर चालते. वल्ह्याच्या बिनइंजिनी होड्यांची यादी करण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येईल, अशीही तरतूद या कायद्यात आहे. समुद्रातल्या मासेमारी नौकांचा कायदा निराळा. कोकणातल्या आमच्या भावांना नोंदणीची ओळख आपल्यापेक्षा जास्त आहे, कारण डिझेलवरच्या कराचा परतावा नोंदणी आणि परवान्याशी बांधलेला आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये 'कुबेर' नावाची मासेमारी नौका भर समुद्रात बळकावून अतिरेकी मुंबईपर्यंत आले. तेव्हापासून किनाऱ्यावर नौकेचा नंबर, रंग आणि खलाशाचे ओळखपत्र यांची तपासणी कडक झाली. आतल्या पाण्यावर ती कडकी अजून पुरती पोचलेली नाही, म्हणून आपण निर्धास्त आहोत. ती पोचेल त्या दिवशी ज्याच्याकडे कागद नाही त्याची होडी आधी ओढली जाईल.

आता कामाचे बोलू. होडी घेताना-विकताना काय करावे?

आधी होडी पाण्याबाहेर काढायला लावा. रंगाखाली काय आहे ते तळाला हात लावून पाहा. फायबरला तडे आहेत का, पत्रा कुठे गंजला आहे का, सांधे पाझरतात का ते बघा. इंजिन अर्धा तास चालवा. मग विकणाऱ्याकडे हे कागद मागा: नोंदणीचे प्रमाणपत्र, शेवटच्या पाहणीचा दाखला, विम्याची पॉलिसी, इंजिनाचे मूळ बिल, आणि त्याने स्वतः होडी कोणाकडून घेतली त्याचा कागद. होडी स्वतः बांधून घेतली असेल तर कारागिराची पावती. इंजिनावर कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. नंबर घासलेला दिसला तर व्यवहार तिथेच सोडा. तसे इंजिन चोरीचे असू शकते.

होडीवर कर्ज आहे का हे विकणाऱ्याला तर विचाराच, पण त्याच्या सोसायटीत, बँकेत आणि पतसंस्थेतही विचारा. कर्ज असेल तर बेबाकी दाखला हातात पडल्याशिवाय पुरे पैसे देऊ नका. कर्जाएवढी रक्कम थेट संस्थेत भरा आणि उरलेली विकणाऱ्याला द्या. यात कोणाचा अपमान नाही.

मग विक्रीपत्र. ते मुद्रांकाच्या कागदावर करा. किती रकमेचा मुद्रांक लागतो ते मुद्रांक विक्रेत्याला त्या दिवशी विचारा, जुन्या सांगोवांगीवर जाऊ नका. त्यात दोघांची पूर्ण नावे आणि पत्ते हवेत. होडीचे वर्णन इतके हवे की दहा होड्यांतून तीच ओळखू यावी: लाकडी, पत्र्याची की फायबरची, लांबी, रुंदी, खोली, बांधल्याचे साल, नोंदणी क्रमांक, रंग, एखादी ठळक खूण. इंजिनाची कंपनी, अश्वशक्ती आणि नंबर. सोबत काय दिले ते एकेक: वल्ही, नांगर, दोर, लाईफ जॅकेट, जाळी. जाळ्यांवरून पुढे भांडणे होतात, म्हणून जाळी दिली नसतील तर 'दिली नाहीत' असेही लिहा. किंमत अंकात आणि अक्षरात. इसार किती, बाकी किती, कशी दिली. शक्यतो बँकेतून द्या. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेण्याला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि बँकेचे पासबुक हा न विसरणारा साक्षीदार आहे.

यापुढे दोन वाक्ये अशी हवीत की ज्यांच्यावाचून विक्रीपत्र लंगडे राहते. एक: 'या होडीवर व इंजिनावर कोणाचे कर्ज, बोजा, वाटणी वा दावा नाही; निघाल्यास भरून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची.' दोन: 'अमुक तारखेला, इतक्या वाजता, अमुक ठिकाणी होडीचा ताबा दिला, त्या वेळेपासून तिच्यापासून घडेल त्याची जबाबदारी घेणाऱ्याची.' पहिले वाक्य घेणाऱ्याला वाचवते, दुसरे विकणाऱ्याला. वेळ कशाला लिहायची, असे विचाराल. सकाळी ताबा दिला आणि दुपारी वारा सुटला तर वेळेचे महत्त्व कळते. होडी एकत्र कुटुंबाची असेल तर भावांच्या सह्या घ्या. दोन साक्षीदार असे घ्या की जे दोघांपैकी कोणाचेच जावई-मेहुणे नाहीत. होडीचा आणि इंजिनाच्या नंबराचा फोटो काढून मागे सही करा. दोन प्रती करा आणि दोघांकडे एकेक ठेवा.

त्यानंतर नोंदणीत नाव बदलण्याचा अर्ज. हा दोघांनी मिळून करावा आणि पैसे पुरे होण्याआधी करावा, कारण पैसे मिळाले की विकणाऱ्याला सवड नसते आणि होडी मिळाली की घेणाऱ्याला गरज वाटत नाही. यांत्रिक होड्यांचे काम आपल्या राज्यात महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे आहे. अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्या. नाव बदलून येईपर्यंत ती पोच हाच तुमचा आधार. विमाही नव्या नावाने करून घ्या. जुन्याच्या नावाच्या पॉलिसीवर विमा कंपनी नव्याचा दावा मान्य करील या भरवशावर राहू नका. आणि एक गैरसमज दूर करा: होडी विकली म्हणजे मासेमारीचा परवाना किंवा प्रवासी वाहण्याची परवानगी विकली असे होत नाही. त्यांचा अर्ज वेगळा.

आम्ही कृषी पदवी घेऊन गावोगाव फिरू लागलो तेव्हापासून एक गोष्ट सांगत आलो आहोत: बियाण्याची पिशवी, तिचा टॅग आणि दुकानदाराची पावती पीक निघेपर्यंत फेकू नका. उगवण झाली नाही तर तक्रारीला तोच आधार. ज्यांनी पावत्या जपल्या त्यांच्या तक्रारी उभ्या राहिल्या. ज्यांनी पिशवीत मीठ भरले त्यांच्या तक्रारी शिवारातच राहिल्या. होडीचा कागद ही तीच गोष्ट आहे, फक्त रक्कम मोठी आहे.

आणि रकमेहून मोठेही काही आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण बुडाले. त्या होडीच्या कागदांविषयी आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. वारा कागद पाहून येत नाही हे आम्हालाही कळते. पण पाहणी म्हणजे होडी किती माणसे पेलते हे ठरवणे, नोंदणी म्हणजे ती कोणाची हे ठरवणे, आणि विमा म्हणजे घरातला कर्ता गेला तर मागे राहिलेल्यांनी कोणाकडे जायचे हे ठरवणे. ही तिन्ही उत्तरे होडी सुटण्याआधी तयार असायला हवीत. काठावर गर्दी जमल्यावर ती शोधता येत नाहीत.

आमचे जुने कार्यकर्ते एक आक्षेप घेतील, आणि तो खरा आहे. "आयुष्यभर आपण लायसन्स-परमिटच्या राज्याविरुद्ध लढलो आणि आता तुम्हीच आम्हाला नोंदणीच्या कचेरीत पाठवता?" यावर आम्ही बराच विचार केला. आमचे म्हणणे असे: परवाना आणि मालकीची नोंद या दोन गोष्टी एका दावणीला बांधू नका. परवाना म्हणतो, सरकारने हो म्हटले तर तू धंदा कर. मालकीची नोंद म्हणते, ही वस्तू याची आहे, सरकारनेही हात लावताना विचारावे. पहिली गोष्ट शेतकऱ्याला बांधते, दुसरी त्याच्या मालमत्तेला कुंपण घालते. ज्याच्या होडीला कागद नाही त्याला त्या होडीवर बँक कर्ज देत नाही, विमा कंपनी भरपाई देत नाही, आणि पथकाने ओढून नेली तर परत मागायला तोंड नसते. बिनकागदाची मालमत्ता ही बलदंडाच्या सोयीची असते. गरिबाचे संरक्षण कागदात आहे.

मात्र नोंदणीच्या नावाखाली हेलपाटे आणि चिरीमिरी चालणार असेल तर तेही आम्ही खपवून घेणार नाही. होडी घाटमाथ्यावरच्या धरणात आणि बंदरांची कार्यालये किनाऱ्यावर, हे अंतर शेतकऱ्याने का चालावे? म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पाणी स्थिर असते त्या काळात वर्षातून एकदा पाहणी आणि नोंदणीचे शिबिर धरणाच्या काठावर भरावे. ज्या जुन्या होड्यांचे मूळ कागद हरवले आहेत त्यांना गावपंचांचा पंचनामा आणि प्रतिज्ञापत्र यांवर नोंदणी मिळावी, चोर ठरवू नये. वल्ह्याच्या होड्यांची यादी ग्रामपंचायतीत व्हावी. नाव बदलण्याच्या अर्जाचा निकाल २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याच्या धर्तीवर ठरल्या मुदतीत लागावा, आणि नाकारला तर कारण लेखी मिळावे.

एक गोष्ट मात्र सरकारकडे मागायची नाही, ती आपल्या घरात करायची आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगाव पुरुषांनी आपण होऊन घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन केली. होडीवर मासळी निवडते ती, जाळे विणते ती, बाजारात बसते ती. नव्या विक्रीपत्रावर घेणारा म्हणून दोघांची नावे लिहायला जास्तीचा मुद्रांक लागत नाही. पाण्यावर गेलेला माणूस परत आला नाही, तर त्या एका ओळीने तिचे घर तगते.

आता त्या पहिल्या शेतकऱ्याचे काय झाले ते सांगून थांबतो. आमचे तिघे कार्यकर्ते त्याच्याबरोबर पतसंस्थेत गेले, मयताच्या मुलांना बोलावले. मुले सज्जन निघाली. वडिलांनी होडी विकली होती हे त्यांनी लिहून दिले. तरीही थकबाकी राहिलीच होती. शेवटी तीतले ३५ हजार याने भरले, बाकीचे मुलांनी, आणि होडी सुटली. त्याच दिवशी संस्थेच्या टेबलावर नवे विक्रीपत्र झाले. म्हणजे एकाच होडीसाठी या माणसाने दोनदा पैसे मोजले. दुसरे पैसे त्याने न केलेल्या कागदाचे मोजले.

पुढच्या जिल्हा बैठकीला धरणकाठच्या प्रत्येक गावाने आपल्या गावातल्या होड्यांची यादी आणावी: होडी कोणाची, कोणाकडून घेतली, कागद आहे की नाही. विक्रीपत्राचा कोरा नमुना आम्ही छापून ठेवला आहे, तो बैठकीत मिळेल. ज्यांची होडी नाही त्यांनीही एक प्रत न्यावी. 'होडी' खोडून 'ट्रॅक्टर', 'मळणीयंत्र' किंवा 'पाण्याची मोटार' लिहिले तरी बराचसा मजकूर कामाला येतो.